अनशापोटी

जिम्म्याच्या सरकारी इस्पितळात सकाळच्या राउंडला
आम्ही सातजण, आणि आठवी ती, हाविने तोलासा.
कोटाच्या खिशात कॅल्क्युलेटर, पेन्सिल, खोडरबर.
खोडरबर कशाला, मी एकदा विचारलं.
"तुमच्यासाठी," म्हणाली.

मी अदिसहून बदलून आलेला नवा डॉक्टर.
मला ती आवडायची नाही, खरं सांगतो.
औषधवाल्यानं खिडकीत बसावं,
गोळ्या बोटांनी मोजून द्याव्यात;
खाटेपाशी हिचं काय काम?
पाच वर्षं कॉलेजात, वर दोन वर्षं याच वॉर्डांत
घालवली होती तिनं, हे शिकण्यात
की मूत्रपिंड थकलं की कुठला डोस निम्मा करायचा,
कुठल्या दोन गोळ्या एका पोटात नांदत नाहीत.
मला हे माहीत होतं.
माहीत असणं आणि मानणं
यांच्यामध्ये एक अख्खा कॉरिडॉर असतो.

खाट अकरा. रौदा अब्बा-ओली, वय साठीचं.
चेहरा सुजलेला, जीभ जड,
भर मार्चात अंगावर दोन घोंगड्या.
थायरॉईडची गोळी आम्ही वाढवत नेलेली,
शंभर, सव्वाशे, दीडशे,
आणि रिपोर्टातला आकडा जागचा हलेना.
मी लिहायला घेतलं, दोनशे.

"थांबा जरा," हाविने म्हणाली.
स्टूल ओढून बसली. ओरोमोत बोलू लागली,
गोळीबद्दल नाहीच.
उठल्यावर पहिलं काय करता, आजी?

आजी खुलली. निखारे फुंकते, म्हणाली.
हिरव्या बिया धुते, तव्यावर परतते,
पार काळ्या नाही, सासूनं शिकवलंय तशा,
मग उखळात कांडते, जेबेना चढवते,
तोवर शेजारीण येतेच वासावर.
आणि गोळी?
पहिल्या सिनीबरोबर. अनशापोटी.
डॉक्टरांनी सांगितलंय तस्संच.

"अनशापोटी?"
"हो मग! कॉफी म्हणजे काय खाणं झालं?"

सगळा वॉर्ड हसला.
मी तिला तीनदा बजावलं होतं, अनशापोटी,
तीनदा अम्हारिकमध्ये, तिला अर्धीच कळणाऱ्या भाषेत,
आणि तीनदा तिनं माझं तंतोतंत ऐकलं होतं.

मला वाटलं, आता ही कॉफी बंद करणार.
पण जिम्म्यात कुणाला कॉफी सोडा म्हणणं म्हणजे
त्याच्या दारातली माणसं उठवून लावणं.
हाविने म्हणाली, पहाटेच्या अजानला गोळी, नुसत्या पाण्याशी.
मग नमाज, मग निखारे, बिया धुणं, परतणं, कांडणं.
घाई करायची नाही.
जेबेना उकळेतो तास जातो, आजी.
घड्याळ नको तुम्हाला.

मग माझ्याकडे वळली, इंग्रजीत, हळू आवाजात:
दोनशे नको. दीडशेही नको.
इतके महिने निम्मी गोळी कॉफीच गिळत होती,
आता सगळी रक्तात उतरेल.
हृदय जुनं आहे. शंभरवर या. दीड महिन्यानं रक्त तपासू.

मी खोडलं. पेनानं लिहिलेलं, रेघ मारून.
तिनं खोडरबर पुढे केला नाही, हे तिचं सौजन्य.

आजी तिला निरखत होती.
"तू डॉक्टरीण?" नाही. "नर्स?" नाही.
"मग कोण ग तू?"
मला वाटलं, पदवी सांगेल, भिंतीवर टांगतात ती.
हाविने जरा घुटमळली.
"गोळी दिल्यावर सगळे पुढच्या खाटेकडे जातात," म्हणाली,
"मी थोडी मागे राहते."
आजीला हे पटलं की नाही कोण जाणे.
तिनं घोंगडी कानावर ओढली.

मेच्या शेवटी ओपीडीत आली,
चालत, स्वतःच्या पायांनी, सुनेवर खेकसत.
आकडा उतरला होता, पूर्ण नाही, पण उतरला होता.
पदराच्या गाठीत हिरव्या बिया, हाविनेसाठी.
माझ्यासाठी काही नव्हतं. नसायलाच हवं होतं.

संध्याकाळी फार्मसीच्या खिडकीशी हाविनेनं
त्यातल्या बारा बिया बोटांनी मोजून
माझ्या तळहातावर ठेवल्या.
"जेवणानंतर," म्हणाली.